पोचलं आणि सुटलं

त्या प्रयोगशाळेत दोनच शब्दांना किंमत होती: ‘पोचलं’ आणि ‘सुटलं’.

धाकटीचं काम पुड्या बांधायचं. पुड्या म्हणजे चरबीचे कण, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दाद न देणारे. प्रत्येकीच्या पोटात जनुकाची एक चिठ्ठी. पेशीने ती वाचायची आणि आपल्याला न जमणारं प्रथिन बनवायचं. चिठ्ठी उघडीच पाठवली तर वाटेतच तिच्या चिंध्या होतात, म्हणून हा पुडीचा खटाटोप. पेशीने पुडी गिळली की ‘पोचलं’. पण गिळलेली पुडी पेशीतल्या एका पिशवीत अडकते आणि बहुतेक वेळा तिथेच जिरते. शंभरातली एखाददुसरी चिठ्ठी पिशवीतून निसटते, ते ‘सुटलं’. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

तिच्या ताईच्या यकृतात असलंच एक प्रथिन जन्मापासून बनत नव्हतं. यकृत निकामी होत चाललं होतं, आणि भावोजी आपल्या यकृताचा तुकडा द्यायला एका पायावर तयार होते.

एका सकाळी बशीतल्या पेशींमध्ये पुड्यांत मिसळलेल्या चमकत्या रंगाचे लाल ठिपके दिसले. धाकटीने लगेच फोन लावला.

“ताई, पोचलं!”

“पोचलं? म्हणजे झालंच की गं! शहाणी माझी बाय ती!”

नाही गं, अजून सुटलं नाही, एवढं म्हणायला असा किती वेळ लागतो? पण ताईने शहाणी म्हणण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि बाईसाहेबांना ते गोड लागलं. ती नुसती हसली.

ताईने ऑपरेशन पुढे ढकललं. “ह्यांचं पोट कशाला फाडायचं? घरचं औषध येतंय.”

“अगं, त्या बशीतल्या पेशी आहेत,” धाकटी आता चाचरत म्हणाली.

“तू ना, पहिल्यापासूनची भित्री.”

तीन महिन्यांनी सर्जनने हात टेकले. आता हे शरीर ऑपरेशन सोसणार नाही, म्हणाले. पुढच्या महिन्यात ताई गेली. मावशीने डोळे पुसले. “सुटली गं बिचारी.” जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. भावोजींनी तेवढी हलवली नाही. त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

“तू तर पोचलं म्हणाली होतीस.”



वर्षभराने, चरबीचं प्रमाण सतराव्यांदा बदलल्यावर, अख्खी बशी हिरवी उजळली. चिठ्ठी वाचली गेली की पेशी हिरव्या दिसाव्यात, अशीच ती लिहिलेली होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दारातूनच ओरडल्या, “सुटलं का?”

धाकटीने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले नाहीत. “हिरवं आहे.”

“अगं, मग सुटलं म्हण ना! इतकी वर्षं ह्या शब्दासाठी मरमर केली आपण.”

“तुम्ही म्हणा, मॅडम,” ती म्हणाली. “आमच्या घरी तो वापरून झालाय.”