वीस ग्रॅम रेती

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. भिलाईच्या कवायत मैदानावर सहा महिला तुकड्या, अठ्ठेचाळीस जवान आणि रेतीच्या अठ्ठेचाळीस पिशव्या. पाठीवरच्या पिठूत किमान दहा किलोची पिशवी आणि हातात रायफल घेऊन उतईच्या रस्त्याने बारा किलोमीटर धावायचे, अशी ती आंतर-बटालियन स्पर्धा होती. तुकड्या ठरावीक अंतराने एकामागून एक सुटत. वाटेत रेती सांडून भार हलका करणारे असतात. म्हणून धावून आल्यावर पुन्हा वजन होई. एकही पिशवी कमी भरली, तर सबंध तुकडी बाद.

वजने मी घेत होतो. पॉलिटेक्निकनंतर चौतीस वर्षे मी कारखान्यातले काटे तपासले. नात समृद्धी सहाव्या तुकडीत आहे, हे मी आदल्या दिवशी लेखी कळवले होते. वयाच्या अटीमुळे हा तिचा शेवटचा प्रयत्न होता.

बाकीच्या मुली पाव किलो रेती जादा भरत. समृद्धीला मी वीसच ग्रॅम जादा भरू दिली. "वीस ग्रॅम म्हणजे काळजी, पाव किलो म्हणजे भीती," असे मी तिला बजावले होते. माझी पत्नी वसुंधरा त्यावर तडकली होती, "पोरीच्या पायात कायले तुमची काटेकोरी अडकवून राहिले जी?"

साडेआठपर्यंत पाच तुकड्या आल्या. कवायत शिकवणाऱ्या शामसुंदर उस्तादांची पाचवी तुकडी एक तास चौदा मिनिटांसह पुढे होती. तिची वजने संपली, पिठूंचा चिखल काट्याच्या पत्र्यावर सांडला होता, आणि त्याच क्षणी वळणावर समृद्धी दिसली. मी शून्याचे बटण दाबले. नजर मात्र रस्त्यावर होती.

सहावी तुकडी बत्तीस सेकंद कमी वेळात आली. सात पिशव्या पास झाल्या. आठवी समृद्धीची.

"९.९६," मी वाचले.

"चाळीस ग्रॅम कमी!" शामसुंदर ओरडले. "काय देवरावजी, घरच्या काट्यावर भरली होती का?"

समृद्धी धापा टाकत होती. "आजोबा, मी काहीच सांडलं नाही. शिवण पाहा ना."

शिवण शाबूत होती. मी पिशवी उचलली. रिकाम्या काट्याने उणे ०.०६ दाखवले.

तेव्हा उमगले. पत्रा न पुसताच मी शून्य केले होते. साठ ग्रॅमचे ढेकूळ पत्र्यावर धरून शून्य, आणि ते ढेकूळ सातव्या पिशवीच्या बुडाला चिकटून गेलेले. उणे आकडा फक्त माझ्यासमोर होता. बोललो, तर नातीसाठी बोललो असे होणार होते. गप्प बसलो, तर आठ मुली माझ्या चुकीने घरी जाणार होत्या.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "काटा पुसला नाही."

"वा! नात हरली की काटाबी बिघडते का जी?" शामसुंदर हसले. मागे कोणीतरी शिट्टी वाजवली.

मी खुर्ची सोडली. दहा किलोचे प्रमाण वजन काट्यावर ठेवले: ९.९४. सातव्या पिशवीच्या बुडाशी चिकटलेला चिखल सर्वांना दाखवला. मग फडके शामसुंदरांच्या हाती दिले. "आता तुम्हीच पुसा, तुम्हीच शून्य करा, तुम्हीच वाचा. मी हात लावणार नाही."

त्यांनी पत्रा दोनदा पुसला. शून्य केले. प्रमाण वजन ठेवले: १०.००. त्यांचे हसू गेले होते. त्यांच्याही आठ मुली तिथेच उभ्या होत्या.

समृद्धीने पिशवी ठेवली आणि पाहायचे नाही म्हणून डोळे मिटले. आकडे धावले, थरथरले, थांबले. शामसुंदरांनी वाकून आकडा दोनदा पाहिला.

"वाचा ना, उस्ताद," त्यांच्याच तुकडीतली एक मुलगी म्हणाली.

त्यांनी मोठ्याने वाचले.

१०.०२ किलो.