त्रेव्हेलिनची पाटी

त्रे : मुळात एकाच घराण्याचं घर आणि शेत. पुढे त्याचा अर्थ गाव झाला, मग शहर.

व्हेलिन : पाणचक्की.

तेग्वेनच्या छिन्नीला हे अर्थ पाठ होते. वेल्सच्या त्या खोऱ्यात निम्मी माणसं जोन्स. आडनावाने हाक मारली तर दहा जण वळतील, म्हणून शेताचं नाव लावायचं. तिचा भाऊ इद्वाल त्रेव्हेलिन.

तोच इद्वाल आज फाटकावरची स्लेटची पाटी उपटून तिच्या दगडकामाच्या शेडमध्ये आला होता.

"मागची बाजू कोरी आहे, तेग. तिच्यावर 'पॉपी कॉटेज' कोर. नव्या मालकांना घाई आहे."

"घर विकताना नाव बदलायचं नाही, ही अट घालणार होतास ना?"

"वकिलासमोर बोलायचं राहून गेलं."

"जीभ गिळली होतीस?"

"ओरडू नकोस. मी त्यांना शब्द दिलाय."

"आणि आपल्या आईला, मामला दिलेला?"

लान : आधी कुंपण घातलेली जमीन, मग चर्चची. इंग्रजांच्या 'लँड'ची सख्खी बहीण. एकाच आईच्या दोघी, पण एकीने दुसरीच्या दारावरचं नाव

पुसायचं? तेग्वेनने छिन्नी आपटली. लानच्या आवारात बापाच्या थडग्यावर तिनेच कोरलं होतं : एमरिस, त्रेव्हेलिन. खाली मामसाठी जागा सोडली होती.

"उद्या माम गेली की तिथे काय लिहू? एलरी, पॉपी कॉटेज?"

"माम माझ्या बंगल्यात मजेत आहे. हीटर आहे, सगळं आहे."

"म्हणूनच गुरांच्या बाजारात तुला आता त्रेव्हेलिन नाही, 'इद्वाल बंगला' म्हणतात!"

त्याचे कान लाल झाले. "कोण म्हणतं?"

"सगळे. तोंडावर तेवढं म्हणत नाहीत."

तो टोपी काढून दगडावर बसला. तिला त्या बसण्याचीच जास्त चीड आली. वकिलासमोरही असाच बसला असणार, मांडीवर टोपी घेऊन.

"फाटकासमोरचं कुरण विकलं नाहीस ना? त्याची भिंत तुझीच?"

"माझीच, पण—"

"गाडीत बस. पाटी घे."

कुरणाच्या भिंतीतला सपाट दगड बघून तिने ड्रिल लावलं. समोरच्या खिडकीचा पडदा हलला.

"तेग, ते बघतायत."

"बघू देत. वाचता येईल तितकं वाचू देत. पाटी धर, नाव त्यांच्याकडे."

"त्यांना काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. सरळ धर, मेल्या!"

दगडाची भुकटी त्याच्या भुवयांवर बसत होती. पुसायला त्याने हात काढला नाही. ती शिव्या देत स्क्रू पिळत राहिली.