गावाची बदनामी करणारा माइक

माझ्या मानेला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, त्यामुळे आवाज जरा खरखरीत येईल. तेवढं चालवून घ्या, मित्रांनो. मी बातम्यांचा एक जुना माइक आहे. गेवराई तालुक्यातल्या सुनिताताई मोबाइलवर बातम्यांची वाहिनी चालवतात. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात मी, एवढाच त्यांचा पसारा.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या गायिकेच्या हाती लागेन. नशिबी आले पुढारी! वाढदिवसाचा केक कापताना मला समोर धरलं, की ते सोडायचं नाव घेत नाहीत. तेच नाली का तुंबली म्हणून विचारा, लगेच माझ्या तोंडावर पंजा. "कॅमेरा बंद कर!" अहो, मी माइक आहे! रागावताना निदान नाव तरी धड घ्या.

यंदाच्याच हंगामातली गोष्ट. दिवाळीनंतर चकलांब्याकडच्या एका गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेली. मागे उरली म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. वत्सलाबाईंच्या दोन्ही नातवंडांना जुलाब लागले. गावच्या टाकीचं पाणी हिरवट यायचं, वास मारायचा. टाकी धुण्याचं काम राधाकिशन नावाच्या पुढाऱ्याकडे होतं आणि तो काही हलत नव्हता. शेवटी वत्सलाबाईंनी सुनिताताईंना बोलावलं आणि पाण्याचा तांब्या माझ्यासमोर धरला.

"लेकरं माज्या भरोशावर ठिवून गेलेत त्यांचे मायबाप. काही बरंवाईट झालं तर कोणत्या तोंडानं सांगू?"

बातमी गेली. उसाच्या फडातल्या लोकांनी ती मोबाइलवर पाहिली आणि घरोघरी फोन आले, ते पाणी पिऊ नका. डॉक्टर गावात आले. नातवंडांना सलाइन लागलं, ती उठून बसली. टाकी मात्र तशीच राहिली. म्हाताऱ्या बायका शेतातल्या विहिरीवरून हंडे आणू लागल्या.

आणि राग कोणावर निघाला? माझ्यावर! राधाकिशननं भर चौकात सुनिताताईंना अडवलं.

"गावाची लई बदनामी करायलीस तू!" म्हणत त्यानं मला हिसकलं आणि रस्त्यावर आपटलं. माझी मानच मोडली. घाण टाकीनं गावाची बदनामी झाली नाही, माझ्यामुळे झाली म्हणे! आजूबाजूच्या लोकांनी काय करावं? खिशातून मोबाइल काढून शूटिंग केलं. पुढे एकही आला नाही. मला फार वाईट वाटलं.

दुरुस्तीवाल्या चाँदभाईंनी मला कसंबसं जोडलं. "बोलतो हाय अजून, ताई. मान तेवढी जपा," म्हणाले.

मग आला जानेवारीतला पत्रकार दिन. त्या दिवशी आमच्याकडे पत्रकारांना शाल-श्रीफळ देण्याची पद्धत आहे. गावात सत्कार ठेवला कोणी, तर राधाकिशननंच! सुनिताताई गेल्या. मोबाइल खुर्चीवर टेकवून त्यांनी थेट प्रक्षेपण चालू केलं. तिकडे फडात माणसं पाहत होती. राधाकिशन लोकशाहीच्या चौथ्या स्तंभावर मनसोक्त बोलला, वर गावाचं पाणी चांगलं असल्याचंही सांगून टाकलं. मला हसावं की रडावं कळेना. भाषण संपवून त्यानं सुनिताताईंच्या खांद्यावर शाल पांघरली, तसं त्यांनी मला त्याच्यापुढे धरलं.

"गावाचं पाणी चांगलं हाय म्हणता, तर स्टेजवर ह्या पाण्याच्या बंद बाटल्या कावून?"

राधाकिशनचा पंजा सवयीनं माझ्याकडे आला. तेवढ्यात वत्सलाबाई तांब्या घेऊन स्टेजवर चढल्या आणि तो त्याच्यापुढे ठेवला.

"आमच्या लेकरांनी हेच पेलंय. घ्या, तुमी बी प्या."

त्यानं तांब्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. हात मागे घेतला. तांब्याला शिवला नाही. इतकी भाषणं ऐकली मी, पण त्या मागे घेतलेल्या हाताइतकं खरं उत्तर त्यानं आजवर दिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी टाकी धुतली गेली. राधाकिशन हातात खराटा घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हे बी दाखवा की!" काय म्हणावं या माणसाला!

मित्रांनो, शाली खूप झाल्या. कोणी पुन्हा मला हिसकायला आलं, तर शूटिंग करत उभे राहू नका. पुढे येऊन त्याचा हात धरा. त्या टाकीचं पाणी तुमच्याही घरात येतं.