मनगटावरचा अंगठा

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो आणि त्यावर कुणाच्या तरी तोंडाची सोय करून देतो. दिवसभर माझ्यासमोर जबड्यांची रांग असते, पण त्यातला एकही बोलत नाही. घरीही तीच गत. म्हणून मी वर्षभर बोलणं साठवून ठेवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे माझी लेक येते, तिच्यासाठी.

लेक बारा वर्षांची आहे. एरवी ती आईकडे असते, दुसऱ्या शहरात. तिच्या आईचं आणि माझं पटलं नाही, ही जुनी गोष्ट झाली, त्यात आता मलासुद्धा रस नाही. पण यंदा तिला सोडायला आलेली तिची आई जाता जाता म्हणाली, "पुढच्या वर्षापासून इथे यायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे. मी काही सांगणार नाही. तूही गळ घालायची नाहीस." मी मान डोलावली.

मी कामावर गेल्यावर पोरीनं घरी एकटीनं काय करायचं? म्हणून मीच तिला जवळच्या शाळेतल्या उन्हाळी शिबिरात घातलं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. ते चालवणाऱ्या बाई निवृत्त खेळशिक्षिका. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे, त्यामुळे मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणत, तेही तोंडावर.

पहिल्या दिवशी लेक माझ्या शर्टाचं टोक सोडेना. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. तीन-चार दिवसांत चित्र पालटलं. फाटक दिसलं की ती पळत सुटायची आणि मागे वळूनही बघायची नाही. मी आपला तिचा डबा हातात धरून उभा, मग डबा द्यायला तिच्यामागे धावायचं.

शिबिर चांगलं होतं, आणि माझा राग नेमका त्याच्यावरच होता. वाईट असतं तर चार शब्द सुनावून पोरीला घरी तरी आणता आलं असतं. गेल्या वर्षीपर्यंत दुकानात पेन्सिल मागायची तर माझ्यामागे लपणारी मुलगी, यंदा दुकानदाराला ठणकावून म्हणाली, "काका, हा बॉल शिवणीत उसवलाय, दुसरा द्या." ज्या पाण्याला ती घाबरायची, त्यात आता डोकं बुडवून पोहत होती. आमच्या खालच्या मजल्यावर एक सोळा वर्षांचा लंबू राहतो. घरी कुणी हाक मारली तर ओ देत नाही, दार आपटण्यात मात्र पटाईत. शिबिरात मदतीला येणारा तोच लंबू तिथे गुडघ्यावर बसून छोट्यांच्या बुटांच्या नाड्या बांधताना मी पाहिला, आणि चार पोरं त्याच्या पाठीवर चढलेली. त्याच्या आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

आणि माझ्या वाट्याला काय? संध्याकाळ. ती यायची ती रापलेली, ओल्या केसांची, गुडघे खरचटलेली. दोन घास खाऊन होतात न होतात तोच मान खाली. मी वर्षभराची साठवण काढून काही सांगायला लागावं, तर समोर पोरगी ताटावरच पेंगलेली. तिला उचलून गादीवर ठेवताना वाटायचं, आता ही किती जड झालीय, पुढच्या वर्षी उचलायला जमेल का. आणि मग वाटायचं, पुढच्या वर्षी ती इथे येईल तरी का.

शेवटी माझं डोकं फिरलं. शेवटच्या आठवड्याची रजा काढली आणि तिला म्हणालो, "उद्यापासून शिबिर बंद. आपण दोघं, पूर्ण दिवस."

"बरं," ती म्हणाली. नुसतंच बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत माझं वर्षभराचं बोलणं संपलं. मला धक्काच बसला. एवढंसंच होतं ते. मग पत्ते खेळलो. ती मुद्दाम हरत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मधेच तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"तिकडे आता काय चालू असेल?" मी विचारलं.

"रस्सीखेच. आमच्या बाजूला एक जण कमी पडेल."

"जायचंय तुला?"

"तुझी रजा फुकट जाईल ना, बाबा."

पाहुणा यजमानाचं मन राखतो, तसं ती माझं राखत होती. मला इतकं वाईट वाटलं की पत्ते गोळा करण्याच्या निमित्तानं मी खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

सकाळी तिला परत शिबिरात सोडलं. रजेचं काय करायचं ते कळेना, म्हणून फाटकाशीच घुटमळत राहिलो. शिट्टीबाई आल्या.

"काय हो, दिवसभर फाटकाला टेकू देणार आहात का? तुम्हाला काय येतं?"

"कवळ्या बनवता येतात."

"आमच्या मुलांना त्या लागायला अजून अवकाश आहे. दुसरं काही?"

दुसरं काही नव्हतंच. मग सुचलं की दातांचं माप घ्यायच्या त्या गुलाबी पेस्टमध्ये हाताचंही माप घेता येईल. बादलीत पेस्ट कालवायची, हात बुडवून न हलता थांबायचं, ती घट्ट झाली की हात अलगद काढायचा आणि त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं. दुपारी सामान घेऊन आलो, तर मुलांची झुंबड उडाली. लंबूनं त्यांना रांगेत उभं केलं. लेक सगळ्यात शेवटी आली.

"गार आहे, गुदगुल्या होतात," म्हणत ती हसायला लागली.

"हलू नकोस, बोटं बिघडतील," मी म्हणालो आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

रस्ता ओलांडताना हल्ली ती हात देत नाही. त्यामुळे इतका वेळ तिचा हात माझ्या हातात यंदा पहिल्यांदाच होता. अंगठ्याखाली नाडी लागत होती. पुढच्या वर्षी येशील ना, हे अगदी जिभेवर आलं होतं. शब्द दिला होता म्हणून गिळलं.

"झालं का, बाबा?"

पेस्ट केव्हाच घट्ट झाली होती.

"अजून थोडं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साचे फोडले. तिचा पंजा सुरेख उतरला होता, नखंसुद्धा दिसत होती. पण मनगटावर एक भलताच उंचवटा होता. नीट पाहिलं तर तो माझा अंगठा. धरताना पेस्टमध्ये बुडाला होता, तोही सोबत उतरला. कवळीच्या कामात असं काही राहिलं तर डॉक्टर माल परत पाठवतात. मी कानस उचलली.

"काय करतोस?"

"चूक झालीय, घासून टाकतो."

"चूक कसली? तू धरलं होतंस ना, मग ते येणारच. राहू दे." तिनं पंजा माझ्या हातातून काढून घेतला आणि पोहायच्या टॉवेलात गुंडाळला.

तिची आई न्यायला आली. बसपाशी ती सामान चढवत होती, तेवढ्यात लेकीनं विचारलं, "पुढच्या वर्षी शिबिर असेल ना?"

"असेल की."

"मग मी येईन."

शिबिरासाठी. मी हसून मान हलवली, आणि मग दिलेला शब्द मोडून विचारलंच, "आणि नसलं तर?"

तिनं विचार केला. खरंखुरं उत्तर द्यायचं असलं की ती भुवया जवळ आणते.

"नसलं तरी येईन. पण सगळी रजा काढू नकोस हं, बाबा. थोडीशीच काढ."

बस गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर कुण्या आजोबांच्या जबड्याचं माप आलं होतं. त्यात प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट व्हायची वाट बघत बसलो. तिकडे तिच्या खोलीत तो पंजा कुठेतरी ठेवलेला असेल, माझ्या अंगठ्यासकट. माझ्याकडे त्यातलं काहीच उरलं नव्हतं. साचा फोडावाच लागतो, तो एकदाच कामी येतो. आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिचा हात वाढलेला असेल. नवं माप घ्यावं लागेल.