मणी काढायची कात्री

"कात्री राहू दे. तू खोकी जोड," म्हणत सुपरवायझर योगेशनं साधनाच्या पुढ्यातली कात्री उचलली आणि पुठ्ठ्यांचा गठ्ठा आणून ठेवला.

साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गंगापूर रोडच्या केंद्रात, मानसिक आजार असलेल्यांना काम शिकवतात तिथं, सबंध हिवाळा ती एकच गोष्ट शिकली होती: द्राक्षांचा घड देठाला धरायचा, मण्यांवरची पांढरी पावडर पुसली जाऊ द्यायची नाही आणि सडका मणी कात्रीनं अलगद काढायचा. गोळ्यांमुळे हात थरथरायचा, त्यालाही तिनं वळण लावलं. त्याच कामावर दिंडोरी रोडच्या या पॅकहाऊसनं तिला घेतलं. आणि आता म्हणे खोकी. खोकी जोडायला कोणी अख्खा हिवाळा घालवतं का?

"मला कातरायला घेतलंय ना सर?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. बाकीच्या बायका घाबरतात. उद्या काही झालं तर?"

"गोळ्या चालू आहेत माझ्या. मी बरी आहे."

योगेश केव्हाच पुढच्या टेबलाकडे गेला होता.

"बसून काम हाय, पोरी," शेजारची नवसाबाई म्हणाली. "उभं राहून राहून आमची कंबर मोडती. पगार तर तेवढाच ना?" नवसाबाई मनानं चांगली. जेवताना आपल्या डब्यातला ठेचा ती आधी साधनाला वाढायची. तिच्यावर चिडताही येत नव्हतं.

साधनानं केंद्रातल्या तृप्तीमॅडमना फोन केला, मॅडम योगेशशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं हसत हसत तिच्यापुढे कात्री ठेवली. गुलाबी प्लॅस्टिकची, गोल टोकाची, बालवाडीतली पोरं रंगीत कागद कापतात तसली.

"घे. झालं ना मनासारखं?"

तिनं घड उचलला. बोथट पातं मण्यांच्या मध्ये शिरेना. सडका मणी फुटला, रस चांगल्या मण्यांवर ओघळला आणि घड वाया गेला.

"बघ. म्हणूनच म्हणत होतो, तुला नाही जमायचं."

"खरी कात्री द्या. तुमच्यासमोर एक घड करून दाखवते." तिचा आवाज चढला. इतर कुणाचा चढला असता तर चाललं असतं. तिचा चढला की लोक दोन पावलं मागे सरतात, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी चढलाच. टेबलावरचे सगळे हात थांबले.

ती नवसाबाईकडे वळली. "मावशी, तुमची द्या ना जरा."

नवसाबाईनं योगेशकडे पाहिलं, मग साधनाकडे. आपली कात्री तिनं अॅप्रनच्या खिशात टाकली आणि वरून हात दाबून धरला.