चाळीस दिवसांतला शुक्रवार

मोहोळच्या जत्रेत शंभर माणसांचं मटण एकहाती उतरवणाऱ्या सोनाबाईंचे हात आज सहा चॉपांपुढं, हाडासकटच्या तुकड्यांपुढं, अडले होते. मांस डुकराचं होतं. त्यांच्या सात पिढ्यांत ते कुणी शिजवलं नव्हतं, खाल्लं तर नव्हतंच.

लेक पायल पुण्यात नोकरीला. तिथं तिनं एल्विनला पसंत केलं. मुलगा सावंतवाडीचा, ख्रिस्ती. त्याचे आईवडील आज संध्याकाळी सोलापुरात पहिल्यांदाच जेवायला येणार होते. लेकीचं लग्न या एका जेवणावर ठरणार, असं सोनाबाईंच्या मनानं घेतलं होतं. आणि त्यांच्या मनानं एकदा घेतलं, की ते काढणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं.

वारही त्यांनीच काढला. कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक दिवस खोडला. सोमवार महादेवाचा, मंगळवारी संकष्टी, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी पाहुण्यांना जमत नव्हतं आणि रविवारी न बोलावता जाऊबाई टपकायच्या. "शुक्रवार लई बेस," त्या म्हणाल्या, "आपला वशाटाचाच वार हाय की."

चॉपांची रीत पायलनं फोनवर सांगितली होती. "त्यांच्याकडं पाहुणा आला की हेच करतात, आई. स्वस्त आणि साधं. मीठ, हळद, मिरी, आलं-लसूण आणि व्हिनेगर चोळून दोन तास ठेव. मग झाकण घालून मंद आचेवर शिजव आणि शेवटी कांद्यावर परत. एल्विनला मी सांगितलं नाहीये, त्याला गंमत वाटेल. आणि कच्चं ठेवू नको हं, जंत होतात."

हे शेवटचं वाक्य पोरीनं गिळलं असतं तर आईचं निम्मं रक्त तरी वाचलं असतं.

मांस आणलं नवऱ्यानं, रामहरींनी. शाळेतले कारकून, गल्लीत मान असलेला माणूस. पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवून आले.

"कुणी बगितलं का?" सोनाबाईंनी दार लावत विचारलं.

"हेल्मेट घातलं होतं."

"दुकानात बी?"

"दुकानात बी."

घरात व्हिनेगर नव्हतं, म्हणून सोनाबाईंनी चिंचेचा कोळ घातला. चिंच चालते का? दोनदा त्यांनी सुरीचं टोक खुपसून बघितलं. पाणी लालसर दिसलं की पुन्हा झाकण. सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. चाखायचं कसं? त्यांनी डाव उचलला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मिठाचा अंदाज न घेता त्यांनी पाहुण्यांसाठी रांधलं.

संध्याकाळी पायल आणि एल्विनबरोबर पाहुणे आले, गोड बोलले, पाटावर बसले. सोनाबाईंनी चॉप वाढले. एल्विनच्या आईचा हात ताटावर थांबला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं एल्विनकडं. कुणीच घास घेईना.

सोनाबाई वाकून ताटात बघू लागल्या. "कच्चं वाटतंय का?"

"नाही हो ताई," एल्विनची आई म्हणाली. "आज शुक्रवार ना."

"व्हय, शुक्रवारच. म्हणून तर केलं."

एल्विननं कपाळावर हात मारला. त्याची आई हळूच म्हणाली, "ईस्टरच्या आधी चाळीस दिवस आमचे उपवासाचे. त्यातल्या शुक्रवारी मांस शिवत नाही. तुमच्याकडं भाजी-भाकरीच असेल असं धरून आम्ही निश्चिंत आलो."

उपासाच्या माणसाच्या ताटात वशाट! आपल्या एकादशीला कुणी असं वाढलं असतं तर सोनाबाईंनी त्या घराची पायरी जन्मात चढली नसती. त्यांच्या डोळ्यांपुढं लेकीचं लग्न मोडलं, पोरगी रडली, सगळं सगळं होऊन गेलं. त्यांनी ताटं उचलली. मग कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. पाहुणे जेवले, पण सोनाबाईंना कुणाच्या तोंडाकडं बघवेना. पायलही मान खाली घालून बसली होती.

निघताना एल्विनची आई सरळ स्वयंपाकघरात आली. पातेल्याचं झाकण काढून तिनं वास घेतला.

"चिंच?"

"व्हिनेगर नव्हतं," सोनाबाई पुटपुटल्या. "मीठ बी कसं झालंय म्हाईत न्हाई. आमी खात न्हाई, म्हणून चाखलं न्हाई."

तिनं झाकण खाली ठेवलं. "तुम्ही खात नाही, तरी आमच्यासाठी केलंत?"

सोनाबाईंनी नुसती मान हलवली. आता बोलणी खायची, एवढंच त्यांना कळत होतं.

"मग हे सगळं डब्यात भरून द्या. रात्री लॉजच्या फ्रीजमध्ये ठेवते. आंबटातलं मुरलं की दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. उद्या शनिवार, वाटेत गरम करून खाऊ."

सोनाबाईंनी घरातला सगळ्यात चांगला स्टीलचा डबा काढला. भरताना रस्सा ओट्यावर सांडला. ही माणसं आता परत कशाला येतील, असं मनात येऊन त्या म्हणाल्या, "डबा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

"असं कसं?" तिनं डबा छातीशी धरला. "आणून देणार की. आणि रिकामा नाही आणणार, विहीणबाई."