एका मूत्रपिंडावर

मित्रांनो, मी शरीरशास्त्राच्या वर्गातला एक जुना पुतळा आहे. मला डोकं नाही, हातपाय नाहीत, पण कणा ताठ आहे. आणि मी इथून हलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातल्या मावशींनी बारीक कुंचल्याने माझ्या रोहिण्या लाल रंगवल्या आणि नीला निळ्या. फुफ्फुसांकडे जाणारी रोहिणी मात्र त्यांनी मुद्दाम निळी केली, कारण तिच्यातल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो. तिच्यावर बोट ठेवून ‘चुकलं, चुकलं’ म्हणणारे पुष्कळ आले आणि तोंडात मारल्यासारखे परत गेले.

माझे अवयव काढता-घालता येतात. मागे मूत्रपिंडं, त्यांच्यापुढे आतडी, वर जठर आणि यकृत, शेवटी छातीपोटाचं झाकण. एक जरी वस्तू भलतीकडे गेली, तरी झाकण बसत नाही. परिचारिका होऊ पाहणाऱ्या कितीतरी मुली माझ्या पोटात हात घालून शिकल्या. त्या धांदलीत माझं डावं मूत्रपिंड हरवलं, त्याचं मला फारसं दुःख नाही.

दुःख पुढे झालं. वर्गात बोटाने चित्रातले अवयव सरकवता येणारा मोठा पडदा आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. माझ्या खांद्यावर ओली फडकी वाळू लागली. मला भयंकर राग आला होता!

एके दिवशी भंगारवाला दारात आला. तेव्हा शिकवणाऱ्या बाई प्राचार्यांना म्हणाल्या, “भंगारात द्यायचं तर द्या. पण आधी एकदा वर्गासमोर ठेवते.”

पडद्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी पुढे आली. तिने यकृत उचललं आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या बाजूला ठेवलं. जठर बसेना. तिने झाकण दाबलं, ठोकलंही. मी हूं की चूं केलं नाही आणि हटलोही नाही.

“अगं, तू कुणाची उजवी बाजू धरलीस? तुझी की त्याची?” बाईंनी विचारलं.

मुलगी थबकली. मग माझ्या शेजारी, माझ्यासारखीच वर्गाकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने आपल्या उजव्या बरगड्यांवर हात ठेवला. “अय्या बाई, इथं!” यकृत जागेवर गेलं आणि झाकण टक्कन बसलं.

“पण पडद्यावर तर हिचं कधीच चुकलं नाही,” प्राचार्य म्हणाले.

“पडदा यकृत आपणहून जागेवर नेऊन बसवतो, सर. मग पोरींनी चुकायचं कुठे? रुग्णापुढे?”

प्राचार्यांनी झाकण आणि आतडी काढून आत पाहिलं. मग म्हणाले, “अहो, पण ह्याचं एक मूत्रपिंडच नाही!”

“एका मूत्रपिंडावर माणसं अख्खं आयुष्य काढतात, सर.”

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. मित्रांनो, मला जपा, पण काचेच्या कपाटात कोंडून नव्हे. माझं पोट उघडा, चुका, पुन्हा लावा. चुकीच्या यकृतावर मी झाकण बसू देणार नाही, आणि एक मूत्रपिंड मला पुरेसं आहे.